मालोगाचे जेम्स गुरुजी

कार्यक्रमाच्या सुरुवातीला आपण दर वेळी या भूमीच्या मूळ मालकांना वंदन करतो आणि मग आपल्या विषयाकडे वळतो. आज वेगळं वळायची गरज नाही. आजची गोष्ट त्या मालकांचीच आहे, आणि त्यांच्या मुलांना अक्षरं शिकवायला गेलेल्या एका भारतीय वंशाच्या शिक्षकाची आहे.

गोष्ट जुनी असली तरी प्रश्न ताजा आहे. डिसेंबरची सुट्टी जवळ आली की आपल्या घरी पत्रकं यायला लागतात. कुणाच्या मुलीच्या शाळेकडून, कुणाच्या चर्चकडून, कुणाच्या क्लबकडून. दोन आठवडे परदेशी जा, गरीब मुलांना इंग्रजी शिकवा, शाळेची भिंत रंगवा, परत या. आपल्यातल्या वसईच्या, नगरच्या, पुण्याच्या ख्रिस्ती घरांमधली मुलं चर्चच्या गटाबरोबर जातात, बाकीची शाळेबरोबर. आई-बाबा विचारात पडतात. मुलीचं मन चांगलं आहे, तिला जायचंय, पैसेही भरता येतील. पण तिच्या जाण्याने तिथल्या मुलांचं नक्की काय होणार?

माझा व्यवसाय आयटी कन्सल्टिंगचा. आमच्याकडे काम हातात घेण्याआधी तीन गोष्टी विचारायच्या असतात: हे काम मागितलं कुणी, हिशेब कुणाला द्यायचा, आणि आपण निघून गेल्यावर ते चालवणार कोण? जेम्स गुरुजींची गोष्ट मी याच तीन प्रश्नांच्या चष्म्यातून वाचतो. तुम्हीही वाचून बघा.

वर्ष १८८१. मेलबर्नचा ब्रायटन किनारा. आज तिथल्या रंगीत पेट्यांसारख्या खोल्यांसमोर आपण पाहुण्यांचे फोटो काढतो. त्या वर्षी तिथे एक धार्मिक सभा भरली होती. डॅनियल मॅथ्यूज नावाचे गृहस्थ मरे नदीकाठच्या आपल्या मिशनची माहिती द्यायला आले होते आणि त्यांच्याबरोबर मिशनमधले काही आदिवासी लोकही होते. ऐकणाऱ्यांमध्ये विशीतला एक सावळा तरुण होता. त्याने सभेनंतर मॅथ्यूजना गाठलं आणि सांगितलं, मी शिकवायला येतो. पगाराची बोली झाली नाही, कारण द्यायला पगारच नव्हता.

त्या तरुणाचं नाव थॉमस शॅड्रॅक जेम्स. जन्म १८५९ चा, मॉरिशसमधला. आईवडील मूळचे भारतातले, मद्रासकडचे, आणि धर्माने ख्रिस्ती. आपल्याला मॉरिशस काही परकं नाही. ऊस तोडायला जहाजं भरभरून माणसं तिथे गेली, त्यात मुंबई बंदरातून गेलेले कोकणातले आणि देशावरचे मराठी मजूरही होते. त्यांची नातवंडं-पतवंडं तिथे आजही गणपती बसवतात. जेम्स यांचं घर मात्र तमिळ मुलखाकडचं. ते इंग्रजी चांगलं शिकलेले होते. मॉरिशस सोडून ते ऑस्ट्रेलियात आले ते स्वतःचं नशीब काढायला. म्हणजे बघा, मिशनरी म्हणून त्यांना कुणी पाठवलं नव्हतं. तेही आपल्यासारखेच स्थलांतरित होते.

ते जिथे गेले ते मालोगा हे ठिकाण न्यू साउथ वेल्सच्या हद्दीत, मरे नदीच्या उत्तर काठावर, इचूका गावापासून फार लांब नाही. मेलबर्नहून आज गाडीने अडीच-तीन तास लागतात. हा मुलूख योर्टा योर्टा लोकांचा. नदीतले मासे, काठावरची लाल गमची जंगलं, पाणथळीतले पक्षी यांवर त्यांचं आयुष्य चाललं होतं. १८४० च्या दशकापासून मेंढ्यांचे कळप घेऊन गोरे वसाहतवाले आले. मेंढ्यांनी गवत खाल्लं, साथींनी माणसं खाल्ली, आणि दोन पिढ्यांत आपल्याच नदीकाठी ते लोक उपरे झाले. पुरुष मेंढपाळांकडे राबायचे. बायका आणि मुलींचे हाल त्याहून वाईट होते. मॅथ्यूज हे इचूकाचे व्यापारी. त्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं आणि १८७४ साली पत्नी जॅनेट यांच्यासह स्वतःच्या जमिनीवर शाळा आणि वस्ती सुरू केली. तेच मालोगा मिशन.

लोक तिथे का आले हे नीट समजून घ्यायला हवं. शिधा मिळायचा, आसरा मिळायचा, आणि मुलांना वाचायला शिकवलं जायचं. त्या बदल्यात प्रार्थना चुकवायची नाही, दारूला शिवायचं नाही, मॅथ्यूज सांगतील ते ऐकायचं. माणूस कनवाळू होता आणि करडाही होता. दोन्ही एका वेळी असू शकतं. आपल्याकडच्या जुन्या वसतिगृहांचे रेक्टर आठवा, म्हणजे कल्पना येईल.

अशा जागी जेम्स गेले. आधी विनावेतन. पुढे शाळेला सरकारी मान्यता मिळाली तेव्हा शिक्षक म्हणून त्यांची रीतसर नेमणूक झाली. १८८५ मध्ये त्यांनी एडा कूपर या योर्टा योर्टा तरुणीशी लग्न केलं. या लग्नाकडे नुसती प्रेमकथा म्हणून बघू नका. त्या दिवसापासून जेम्स यांचा तिथल्या लोकांशी संबंध बदलला. ते जावई झाले. वर्गातली पोरं त्यांची भाचरं झाली, पुढे त्यात स्वतःची मुलंही आली. परत जायचं तिकीट त्यांनी जणू आपल्या हाताने फाडलं. वस्तीत त्यांना म्हणू लागले 'ग्रॅम्पा जेम्स', म्हणजे आजोबा.

दिवसा मुलांची शाळा आणि संध्याकाळी मोठ्यांचे वर्ग. दिवसभर राबून आलेले पुरुष दिव्याच्या उजेडात वाचायला, लिहायला शिकायचे. एडाचा भाऊ विल्यम कूपर त्यांच्यातलाच. लहानपणी मालोगात आला तेव्हा काही दिवसांतच त्याने अक्षरं ओळखली होती, पण मेंढ्यांच्या कामात शिक्षण मागे पडलं. ते मेहुण्याच्या वर्गात पुढे गेलं. हे नाव लक्षात ठेवा. याच्यासोबत जेम्स औषधपाणीही बघायचे, कारण जवळपास डॉक्टर नव्हता.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. लोक आपले हक्क मागायला जेम्स यांच्याकडून शिकले, असं म्हणणं अन्यायाचं होईल. मागणी आधीपासूनच होती. १८८१ सालीच मालोगाच्या ४२ रहिवाशांनी न्यू साउथ वेल्सच्या गव्हर्नरकडे अर्ज केला होता. आमच्या शिकारीच्या जागा गेल्या, आता आम्हाला शेती करून स्वतःच्या पायावर उभं राहता येईल एवढी जमीन द्या, अशी ती मागणी. १८८३ मध्ये जवळच सुमारे १८०० एकर जमीन राखून ठेवली गेली. १८८७ मध्ये विल्यम कूपरने आपल्या आमदाराला पत्र लिहून पुन्हा जमीन मागितली, आणि ही भूमी देवाच्या न्यायाने आमचीच आहे असा मुद्दा मांडला. बायबल शिकवणाऱ्यांना तेच बायबल वाचून दाखवलं त्याने. आमच्या भाषेत सांगायचं तर गरज तिथल्या माणसांनी स्वतः लिहून काढली होती. शिक्षकाचं काम ती गरज कागदावर उतरवण्याचं कौशल्य देण्याचं होतं.

— छोटा संगीत-विराम —

मंडळी, विरामात जी चाल आठवावी असं मला वाटतं तिची एक गोष्ट आहे. १८८६ मध्ये अमेरिकेतले फिस्क ज्युबिली सिंगर्स ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर होते. हे कृष्णवर्णीय गायक. त्यांच्या पंथातली भक्तिगीतं गुलामगिरीच्या दिवसांतून आलेली. ते मालोगाला आले आणि नदीकाठच्या लोकांसमोर गायले. मोझेसच्या लोकांना पकडायला निघालेल्या फॅरोच्या सैन्याचं एक गाणं तिथे रुजलं. त्याचं योर्टा योर्टा भाषेतलं रूपांतर जेम्स यांच्या नावावर सांगितलं जातं. ते गाणं पिढ्यान् पिढ्या घराघरांत टिकलं, आणि २०१२ च्या 'द सफायर्स' या सिनेमातून जगाने ऐकलं. अमेरिकेतल्या गुलामांचं गीत, मॉरिशसहून आलेला भारतीय वंशाचा शिक्षक आणि ऑस्ट्रेलियातल्या नदीकाठची भाषा. ज्या काळात मिशनच्या शाळांत मुलांची भाषा मागे सारली जात होती, त्या काळात हे एक गीत त्यांच्या भाषेत राहिलं, याचं मोल तिथल्या लोकांना आजही आहे.

आता १८८८ कडे येऊ, कारण माझ्या मते गोष्टीचा कणा इथे आहे. मालोगाची जमीन मॅथ्यूज यांच्या मालकीची, आणि शिस्तही त्यांचीच. लोकांमध्ये नाराजी साठत गेली. मिशनला मदत करणाऱ्या सिडनीच्या संस्थेचंही मॅथ्यूजशी पटेना. शेवटी बहुतेक कुटुंबांनी मालोगा सोडलं आणि नदीच्या वरच्या अंगाला, राखून ठेवलेल्या त्या जमिनीवर बिऱ्हाड हलवलं. घरं, इमारती मोडून सामान नव्या जागी नेलं. त्या वस्तीचं नाव कमरागंजा. मॅथ्यूज मागे राहिले. जेम्स लोकांबरोबर गेले आणि शाळा नव्या जागी उभी राहिली.

जरा थांबून विचार करा. लोकांनी मिशन सोडलं, गुरुजींना सोडलं नाही. शिक्षण हवं होतं, शिकवणाराही हवा होता. दुसऱ्याच्या अंगणात दुसऱ्याच्या नियमाने राहणं नको होतं. ही निवड त्यांनी पायांनी केली.

याच सुमारास आपल्याकडे काय चाललं होतं? पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. विधवांना आणि मुलींना शिकवणारी शाळा. पैसा बराचसा अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनचा. रमाबाई स्वतः ख्रिस्ती झालेल्या, पण शाळेत धर्माची सक्ती नाही असं ठरलेलं. मुली मात्र बाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या आणि १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठलं. 'केसरी'ने झोड उठवली, रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागारपद सोडलं, कितीतरी पालकांनी मुलींना काढून नेलं. कुणाची बाजू खरी यावर मराठीत आजही दोन तट पडतात. रमाबाई डगमगल्या नाहीत. दुष्काळात उघड्यावर पडलेल्या बायका-मुलींना घेऊन त्यांनी केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, आणि १९०३ मध्ये त्यांची मुलगी मनोरमाबाई इथे ऑस्ट्रेलियातही येऊन गेल्या.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की एक सारखाच पेच दिसतो. शिकवणाऱ्याची श्रद्धा त्याच्या शिकवण्यात उतरणारच. ती नसल्याचं सोंग आणण्यात अर्थ नाही. पण ज्याला शिकवायचं तो भुकेला आहे, निराधार आहे, तुमच्या छपराखाली आहे, तेव्हा त्याचं 'हो' कितपत खरं मानायचं? पुण्यात पालकांनी मुली काढून नेल्या, मालोगात लोकांनी वस्तीच हलवली. निघून जाता येणं हा शिकणाऱ्याचा हक्क दोन्हीकडे वापरला गेला. ज्या मदतीतून निघून जाता येत नाही, त्या मदतीबद्दल शंका घ्यावी, मग ती कुठल्याही धर्माची असो किंवा निधर्मी असो.

कमरागंजाला परत जाऊ. जेम्स तिथे १९२२ पर्यंत शिकवत राहिले. ब्रायटनच्या किनाऱ्यापासून मोजलं तर चाळीस वर्षांहून जास्त. या काळात कमरागंजाचे लोक गहू पिकवत होते, काही कुटुंबांना स्वतःचे शेताचे तुकडे मिळाले होते, फुटबॉलच्या संघाने आसपासच्या गावांना पाणी पाजलं होतं. आणि मग सरकारने हळूहळू सगळं काढून घेतलं. शतक पालटल्यावर शेताचे तुकडे परत घेतले. १९०९ च्या कायद्याने वस्तीवरचा ताबा सरकारी मंडळाच्या हाती दिला. १९१५ च्या दुरुस्तीनंतर आईबापांपासून मुलं तोडून नेणं मंडळाला आणखी सोपं झालं, आणि कमरागंजाच्या मुलीही नेल्या गेल्या. शाळेतल्या फळ्याने यातलं काही थांबवलं नाही. जेम्स गुरुजींना नायक करताना हे विसरायचं नाही. एक चांगला शिक्षक वाईट कायद्याला अडवू शकत नाही. आणि ज्या व्यवस्थेत ते शिकवत होते ती व्यवस्थाच लोकांना शहाणं करण्याच्या नावाखाली त्यांच्यावर हुकूम चालवत होती.

तरीही त्या वर्गातून जी माणसं बाहेर पडली ती बघा.

विल्यम कूपर म्हातारपणी, १९३३ च्या सुमारास, कमरागंजा सोडून मेलबर्नच्या फुट्सक्रे भागात राहायला आले. कारण साधं आणि संतापजनक होतं: सरकारी वस्तीत राहणाऱ्या आदिवासी वृद्धाला पेन्शन मिळत नव्हती. तिथे बसून त्यांनी इंग्लंडच्या राजाच्या नावे अर्ज तयार केला आणि देशभरातून १,८१४ सह्या गोळा केल्या. मागण्यांत संसदेत आपला प्रतिनिधी असावा ही एक होती. पत्रांमागून पत्रं ते हाताने लिहीत. १९३८ मध्ये मंत्रिमंडळाने ठरवलं की हा अर्ज राजाकडे पाठवायचा नाही. कूपर यांनी ऑस्ट्रेलियन ॲबोरिजिन्स लीग उभी केली होती. त्यांच्याबरोबर जेम्स यांचा मुलगा शॅड्रॅकही चळवळीत होता.

२६ जानेवारी १९३८. ब्रिटिशांच्या आगमनाला १५० वर्षं झाली म्हणून सिडनीत मिरवणुका निघाल्या होत्या. त्याच दिवशी तिथल्या ऑस्ट्रेलियन हॉलमध्ये आदिवासी स्त्री-पुरुष काळे कपडे घालून जमले आणि त्यांनी शोकदिन पाळला. पुढाकार घेणाऱ्यांत कूपर होते आणि कमरागंजात जन्मलेले जॅक पॅटनही. त्याच वर्षी ६ डिसेंबरला कूपर आपल्या माणसांना घेऊन मेलबर्नच्या जर्मन वकिलातीवर चालत गेले. जर्मनीत ज्यूंवर झालेल्या हल्ल्यांचा निषेध करणारं पत्र द्यायचं होतं. वकिलातीने ते घेतलं नाही. स्वतःच्या देशात ज्यांना पुरते नागरिक मानत नव्हते, ती माणसं दुसऱ्या खंडातल्या छळाविरुद्ध बोलायला गेली होती.

४ फेब्रुवारी १९३९ ला कमरागंजाच्या दीडशे ते दोनशे लोकांनी व्यवस्थापकाच्या जाचाला कंटाळून वस्ती सोडली, नदी ओलांडून ते व्हिक्टोरियात आले आणि बार्माच्या काठावर त्यांनी तळ ठोकला. पन्नास वर्षांपूर्वी आजोबांनी मालोगा सोडलं होतं, तेच पुन्हा. आणि कमरागंजात १९०६ साली जन्मलेला डग निकल्स नावाचा मुलगा आधी फिट्झरॉयचा फुटबॉलपटू झाला, मग पाद्री झाला, सर झाला, आणि १९७६ मध्ये साउथ ऑस्ट्रेलियाचा गव्हर्नर झाला. कुठल्याही राज्याचा पहिला आदिवासी गव्हर्नर. आपली मुलं फुटीच्या ज्या 'सर डग निकल्स राउंड'चे जर्सी घालतात ते हेच.

थॉमस जेम्स १९४६ मध्ये गेले. त्यांचे एक वंशज जॉर्ज नेल्सन यांनी या भारतीय पूर्वजाचा शोध अनेक वर्षं घेतला आणि २०१४ मध्ये 'धर्मलन डाना' हे पुस्तक प्रसिद्ध झालं. म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या भारतीयांचा इतिहास आयटी व्हिसापासून सुरू होत नाही, हे आपल्याला एका योर्टा योर्टा कुटुंबाने सांगितलं.

— छोटा संगीत-विराम —

आता पुन्हा त्या पत्रकाकडे. परदेशी जाऊन शिकवायची हौस पुढे कशी बदलली, त्याचेही दोन टप्पे सांगतो, आणि पहिल्याचं मूळ आपल्या मुंबईत आहे. १९५० साली मुंबईत विद्यार्थ्यांची एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे इंडोनेशियाच्या विद्यार्थ्यांनी ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्यांना सांगितलं, आमचा देश नुकताच स्वतंत्र झालाय, आम्हाला शिकलेली माणसं हवीत. पुढच्याच वर्षी मेलबर्नचा हर्ब फिथ हा तरुण जकार्ताला गेला आणि तिथल्या सरकारी नोकरांच्याच पगारावर काम करू लागला. त्याच्यामागून पदवीधर जाऊ लागले, त्यांच्यात इंग्रजीचे शिक्षक होते, आणि या योजनेला ख्रिस्ती विद्यार्थी चळवळीतल्या मुलामुलींचा मोठा आधार होता. स्थानिक पगार ही अट फार मोलाची होती. साहेबाच्या बंगल्यात राहून गरिबाला शिकवायचं नाही. शेजाऱ्याला परवडतं तेवढ्यातच भागवायचं. आजची ऑस्ट्रेलियन व्हॉलंटियर्स इंटरनॅशनल ही संस्था त्याच मुळातून वाढली.

दुसरा टप्पा आपल्या डोळ्यांसमोरचा. प्रवास स्वस्त झाला, वर्षं जाऊन आठवडे आले, आणि काही देशांत परदेशी पाहुण्यांसाठी 'अनाथाश्रम' उगवले. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियन संसदेच्या समितीने 'हिडन इन प्लेन साइट' हा अहवाल दिला. अशा आश्रमांत आईबाप जिवंत असलेली मुलं आणून ठेवली जातात, कारण पाहुणे येतात आणि देणग्या देतात, हे त्यात स्पष्ट नोंदवलं गेलं. चांगल्या मनाने गेलेला पाहुणाच त्या धंद्याचं गिऱ्हाईक ठरतो. मन चांगलं असणं पुरत नाही, ते यासाठी.

मग मुलीला पाठवायचं की नाही? मी तुमच्या घरचा निर्णय घेणार नाही. पण फॉर्मवर सही करण्याआधी ते तीन प्रश्न टेबलावर ठेवा.

काम मागितलं कुणी? मालोगाच्या लोकांना शाळा हवी होती, इंडोनेशियाच्या विद्यार्थ्यांनी स्वतः माणसं मागितली होती. पत्रकात तिथल्या कुणाची मागणी दिसते का, की फक्त आपल्या मुलांना मिळणाऱ्या अनुभवाचं वर्णन आहे?

हिशेब कुणाला द्यायचा? संयोजकांना, देणगीदारांना, इन्स्टाग्रामला, की त्या गावातल्या आईबापांना? गावाला नको असेल तर 'नको' म्हणता येतं का?

आणि निघून गेल्यावर चालवणार कोण? दोन आठवड्यांनी शिकवणारा बदलत असेल तर मुलं दर दोन आठवड्यांनी तीच इंग्रजी बाराखडी शिकत राहतील. तिथला कायमचा शिक्षक कोण आहे ते विचारा. त्याचं नाव संयोजकांना सांगता आलं नाही, तर उत्तर मिळालं असं समजा.

प्रत्येकाने जेम्स गुरुजींसारखं चाळीस वर्षं राहावं असं कुणी म्हणणार नाही. पण शिकायला जाणं आणि शिकवायला जाणं यातला फरक मुलांना सांगता येतो. दोन आठवड्यांत माणूस दुसऱ्याकडून पुष्कळ शिकू शकतो. तसं म्हणून गेली तर मुलगी खरं बोलून जाईल.

आणि शिकायला फार लांब जावं लागत नाही. मेलबर्नच्या उत्तरेला प्रेस्टन, नॉर्थकोट भागात राहणाऱ्यांनो, तुमचा केंद्रीय मतदारसंघ २०१९ पासून 'कूपर' या नावाने मतदान करतो. तो हाच विल्यम कूपर. ज्याचा अर्ज लंडनला धाडला नाही, त्याच्या नावाच्या जागेवरून आता दर निवडणुकीत एक खासदार संसदेत जातो. फुट्सक्रे स्टेशनवरच्या पादचारी पुलालाही त्याचंच नाव आहे. रोज त्यावरून ऑफिसला जाणारे आपले कितीतरी मराठी लोक आहेत.

येत्या २६ जानेवारीला आपण सकाळी तिरंगा फडकवू, जिलेबी वाटू. त्याच दिवशी इथे कुणी बार्बेक्यू करेल आणि कुणी शोक पाळेल. मुलांनी विचारलं, की हा शोक कसला, तर त्यांना कमरागंजाची गोष्ट सांगा. आपल्याच वंशाचा एक मास्तर तिथे होता, आणि लोकांनी त्याला आपला मानलं होतं, एवढं आपल्याकडे सांगण्यासारखं नक्की आहे.

आजच्यापुरतं इतकंच. पुढच्या भागात पुन्हा भेटू. नमस्कार.